जीपची मागची पायरी

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जीप उतरवली त्या दिवशी सेक्रेटरी काका खाली आले, तिच्याभोवती सावकाश एक फेरी मारली आणि मला विचारलं, "हा रणगाडा आपला का?"

"हो. वडिलांची जीप आहे."

"चालते?"

"सध्या नाही. चालती करायची आहे."

"अस्सं. म्हणजे गणपतीपर्यंत इथेच. बरं झालं, यंदा देखाव्याचा खर्च वाचला."

ते लिफ्टने वर गेले. मी ट्रकवाल्याला निरोप दिला आणि जीपकडे पाहत उभा राहिलो. विदर्भातल्या आमच्या बाजाराच्या गावापासून वारज्यापर्यंत ती ट्रकच्या पाठीवर दोरखंडांनी बांधून आली होती. एक हेडलाइट फुटलेला, टायर बसलेले, ताडपत्रीचं छत कुजलेलं, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. निळा रंग जागोजागी फुगून सुटला होता. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण फक्त दमल्यासारखं झालं, आणि पुढे कितीतरी महिने ते दमणं काही अंगातून गेलं नाही.

माझे वडील पाटबंधारे खात्याच्या उपविभागात ड्रायव्हर होते. कालव्यांच्या कच्च्या रस्त्यांवरून साहेबांना फिरवायचं काम. साहेब बदलत, जीप तीच राही. नोकरीच्या शेवटी शेवटी खात्याने ती लिलावात काढली आणि बाबांनी ती घेतली. आमच्या वस्तीत तोवर सायकली होत्या, काही मोटारसायकली होत्या, चार चाकांचं काही नव्हतं. बाबांनी आधी तिचा सरकारी करडा रंग झाकून स्वतःच्या हाताने निळा दिला. ब्रशने दिला, त्यामुळे उन्हात त्याचे ओघळ दिसत. मग ती सगळ्या वस्तीची गाडी झाली. बाळंतीण न्यायची, म्हातारं माणूस दवाखान्यात न्यायचं, लग्नाची भांडी आणायची, दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं, सगळं तिच्यावर.

तिच्यात बसण्याचा एक नियम होता. ड्रायव्हरच्या शेजारची सीट म्हणजे साहेबांची जागा. नोकरीत असताना साहेब यायच्या आधी बाबा खांद्यावरच्या फडक्याने ती झटकून ठेवत. गाडी स्वतःची झाल्यावरही त्यांनी ती जागा कुणाला अशीच दिली नाही. पाहुणा असो नाहीतर सरपंच, मागे बसायचं. वस्तीतल्या ज्या मुलाची किंवा मुलीची परीक्षा असेल, तेच पुढे बसणार. आमचं परीक्षेचं केंद्र तालुक्याला होतं. त्या दिवसांत बाबा सकाळीच गाडी काढत. मागे आया, मामा, डबे, पाण्याच्या बाटल्या, आणि पुढे एकच जण, हॉल तिकीट हातात घट्ट धरून. ते पोर चढायच्या आधी बाबा खाली उतरत, बोनेटला वळसा घालून जात आणि फडक्याने सीट झटकत. अगदी साहेबांसाठी झटकत तशी. कुणी हसलं तर म्हणत, "हासता काहून? जागा सायबाची हाये. सायब आता आपल्या घरचा बसंन."

त्या जागेवर मी दहावीला बसलो, बारावीला बसलो, पदवीच्या परीक्षांनाही बसलो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. पुढे सरकारी नोकरी लागली, पुण्यात बदली झाली, येरवड्याला ऑफिस आणि वारज्यात कर्जावरचा फ्लॅट. आज माझं जे काही बरं चाललं आहे ते त्या सीटवरून सुरू झालं असं मी मानतो. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. केंद्रावर वेळेत पोचणं हीच त्या काळी आमची अर्धी परीक्षा असे.

माय मात्र कधीच पुढे बसली नाही. तिची जागा मागच्या हौद्यात, आडव्या बाकाच्या टोकाला, मागून उघडणाऱ्या फाळक्याजवळ. पुढची सीट रिकामी असली तरी ती तिथेच बसे. "मले कोणता पेपर द्याचा हाये?" म्हणायची आणि मागे चढायची.

मागे चढण्यासाठी बाबांनी एक पायरी करून घेतली होती. एका दसऱ्याला नागपूरला निघताना शेजारच्या आजीबाईंना हौद्यात काही केल्या चढता येईना. दोघा बाप्यांनी त्यांना काखेत धरून उचललं आणि आत ठेवलं. सगळे हसले, आजीही हसल्या. पण परत आल्यावर त्या बाबांना म्हणाल्या, "पुढच्या साली मी नाई येत बाप्पा. मी का पोतं हावो, उचलून टाकाले?" बाबांना ते फार लागलं. त्यांनी गावातल्या वेल्डरकडून जाड पत्र्याची पायरी करवून फाळक्याखाली लावून घेतली आणि धरायला बाजूला एक लोखंडी दांडी. पायरी बेढब होती. गाडीने मागून जीभ बाहेर काढल्यासारखी दिसायची. पण त्यानंतर आमच्या गाडीत कुठल्याही बाईला कुणी उचललं नाही.

बाबा आजारी पडले तेव्हापासून जीप अंगणात उभी होती. ते गेल्यावर मी मायला पुण्याला आणलं. तिसरा मजला, लिफ्ट, बाल्कनी, चोवीस तास पाणी. ती कशाचीच तक्रार करत नव्हती आणि तेच मला जड जात होतं. गुडघे दुखतात म्हणून फिरायला जायची नाही. ओळखीचं कुणी नाही म्हणून खाली बायकांत बसायची नाही. विहारात चल म्हटलं तर, "पाहू, पुढच्या पौर्णिमेले." ती पौर्णिमा यायची आणि जायची. हळूहळू दवाखान्याशिवाय ती कुठेच जाईनाशी झाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना बाहेर काढा. चालत्या-फिरत्या ठेवा. एकदा खाटेवर बसल्या की मग उठवणं अवघड."

त्याच सुमारास गावाहून बहिणीचा फोन आला. भंगारवाला जीप मागत होता, काय करू म्हणून विचारत होती. फोन स्पीकरवर होता. माय पलीकडच्या खुर्चीतून म्हणाली, "विकाची तर विका. पण उभी नका ठेवू. उभी गाडी पाह्यली का मले तुह्ये बाबा खाटेवर पडले होते ते दिसते."

किती दिवसांनी ती एवढं सलग बोलली होती. मी तिथेच ठरवलं. गाडी पुण्याला आणायची, चालती करायची आणि दसऱ्याला मायला तिच्यात बसवून विहारात न्यायचं. आणि न्यायचं तर साहेबांच्या जागेवर बसवून. जन्मभर मागे बसलेल्या बाईला एकदा तरी पुढे बसवायचं. त्या दिवशी ती घराबाहेर पडली तर पुढेही पडेल, असा माझा हिशेब होता. नाहीच पडली तर काय, हा विचार मी करत नव्हतो.

गाडी चालती करणं म्हणजे इंजिन चालू करणं, असं मला वाटलं होतं. ती कागदावरही चालती व्हावी लागते. आधी वारस म्हणून माझं नाव लागायला हवं, त्यासाठी माय आणि बहीण दोघींची संमती. मग तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला. मग पुण्यात पुन्हा नोंदणी आणि त्यानंतर पासिंग, म्हणजे गाडी रस्त्यावर आणायला योग्य आहे की नाही याची तपासणी. कुणी मुद्दाम अडवत होतं असं नाही. पण एक कागद झाला की त्याच्या मागे दुसरा उभा असे. रजा टाकून गावाकडे जायचं, परत येऊन तसंच ऑफिसला जायचं. टेबलावर फाइल उघडली की डोळे मिटायला लागायचे.

एका अर्जावर चेसिस नंबरचा ठसा लागत होता. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या आकड्यांवर कागद धरून वरून पेन्सिल घासायची, की नंबर कागदावर उमटतो. पण आमच्या सांगाड्यावर रंगाचे थरच इतके होते की आकडे सापडेनात. दर दसऱ्याच्या आधी बाबा निळ्याचा एक हात मारत. एका रविवारी मी पार्किंगमध्ये फरशीवर आडवा पडून पॉलिश पेपरने घासत होतो आणि बायको मोबाइलचा उजेड धरून उभी होती. निळा, त्याखाली निळा, त्याखाली पुन्हा निळा, आणि मग कुठे तो करडा.

"अहो, हा तीन आहे," ती वाकून म्हणाली.

"आठ आहे. कागदावर आठ आहे."

"तुम्हाला आठ हवाय म्हणून आठ दिसतोय. अजून घासा."

अजून घासलं. आठच निघाला. ती म्हणाली, "बरं, आता उठा. त्या वरून बघतायत."

मी मान वर केली. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत माय उभी होती, कठड्याला दोन्ही हातांनी धरून. बाल्कनीत ती सहसा येत नसे. त्या रविवारपासून मी खाली काम करायला लागलो की ती येऊन उभी राही. वर गेलो की विचारी, "झाली का?" मी म्हणे, "होईल." पुढे पुढे तिने विचारणं बंद केलं आणि नुसतं माझ्या हातांकडे बघून पाण्याचा तांब्या पुढे करायला लागली.

कात्रजला, डेअरीच्या पुढच्या एका गल्लीत, फक्त जुन्या जीपचं काम करणारे एक गृहस्थ होते. नोकरीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांच्याकडे या गाड्यांची मूळ पुस्तकं होती, प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून ठेवलेली. त्यांचं पुस्तक कुणी ओल्या हाताने धरलं तर ते काही बोलत नसत, फक्त रुमाल पुढे करत. जीप ओढून तिथे नेली. त्यांनी ती पाहिली आणि मागे येऊन थांबले.

"हे काय आहे?"

"पायरी."

"ते दिसतंय. कशासाठी? ही जीप आहे, एसटी नाही."

"वडिलांनी लावली होती. बायकांना चढायला."

"आणि हा निळा?"

"तोही वडिलांनीच."

"वडील हौशी होते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, आधी एक ठरवा. आपल्याला ही गाडी कारखान्यातून निघाली तशी हवी आहे, की आपल्या गावात होती तशी? गावात होती तशी हवी असेल तर गावातच करून घ्या. पुस्तकात नाही असा एक बोल्टही मी लावत नाही."

आमच्या शाळेत सर सांगायचे, उत्तर पुस्तकातल्या शब्दांत लिहा, पदरचं काही घालू नका, पूर्ण गुण मिळतील. त्या सल्ल्यावर मी इथवर आलो आहे आणि सरांचे उपकार मी कधी विसरलो नाही. पण त्यामुळे एक झालंय, कुणी पुस्तक उघडून समोर उभं राहिलं की माझी मान आपोआप हलते. मी म्हणालो, "कारखान्यातून निघाली तशी करा." आणि मला ते मनापासून पटलंही होतं. वाटलं, गाडी खरीखुरी साहेबांच्या गाडीसारखी दिसेल. बाबांनाही आवडलं असतं.

दांडी आणि पायरी माझ्यासमोरच कापली. माझं सगळं लक्ष पुढच्या सीटकडे होतं. तिचा जुना रेक्झिन फाडून नवीन कापड कसं बसवायचं, हे मी त्यांना समजावत होतो. माय बसणार म्हणून थोडा मऊ स्पंज घाला असं म्हणालो, तेव्हा त्यांनी पुस्तकाचं पान उलटलं आणि म्हणाले, "स्पंज इतकाच असतो."

मग पावसाळा गेला. कार्ब्युरेटर साफ झाला तर पेट्रोलची टाकी आतून गंजलेली निघाली. टाकी झाली तर ब्रेक बसेनात. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मी हातात जुना भाग घेऊन फिरायचो. दुकानदार तो उलटसुलट करून बघायचे आणि म्हणायचे, "हा आता संग्रहालयात मिळेल." एखाद्या दुकानात मिळायचा, कात्रजला नेला की सुताने मोठा निघायचा, पुन्हा नाना पेठ. ऑफिसात कुणी विचारलं, जीप कुठवर आली, की मी "चाललंय" म्हणायचो आणि विषय बदलायचो. त्या दिवसांत मला दोनदा वाटलं की भंगारवाल्याला बोलवावं. दोन्ही वेळा घरी आलो तेव्हा माय भिंत धरून स्वयंपाकघरात चालली होती. पूर्वी ती भिंत धरत नव्हती.

पासिंगला पहिल्यांदा हँडब्रेक लागला नाही म्हणून परत पाठवलं. तपासणाऱ्या साहेबांचं बरोबरच होतं. दुसऱ्या वेळी सगळं लागलं. त्यांनी हॉर्न वाजवून पाहिला, दिवे लावून पाहिले, एक चक्कर मारायला लावली आणि सही केली. वर म्हणाले, "छान ठेवलीय." मी त्यांचे इतके आभार मानले की त्यांनाच अवघडल्यासारखं झालं.

दसऱ्याच्या सकाळी जीप सोसायटीच्या फाटकाशी उभी होती. गडद हिरवी, म्हणजे खात्याच्या करड्याच्याही आधीच्या, कारखान्यातल्या रंगाची, चकचकीत, नवं छत, मागचा फाळका सपाट आणि कोरा. सेक्रेटरी काका पेपर घेऊन खाली आले होते. म्हणाले, "अरेच्चा, हा तर आता खरोखरचाच रणगाडा झाला."

माय पांढरी साडी नेसून लिफ्टमधून बाहेर आली. बायकोने तिचा दंड धरला होता. आदल्या दिवसापासून बायकोला एकच काळजी होती, ती मला हळूच म्हणाली, "निळा गेलाय, हे त्यांना आधी सांगितलंय का?" मी सांगितलं नव्हतं.

मायने बोनेटवर हात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग म्हणाली, "रंग काय, उडतेच. पुन्हा देता येते." मला केवढं तरी हायसं वाटलं. मी फडकं काढलं, बाबांसारखा वळसा घालून गेलो आणि पुढची सीट झटकली. मागे वळून पाहतो तर माय तिथे नव्हती. ती गाडीच्या मागे गेली होती. डाव्या हाताने दांडी शोधत होती आणि उजवा पाय उचलून पायरी चाचपत होती, जिथे ती इतकी वर्षं असायची तिथे. पाय हवेत फिरला आणि खाली आला. तिने पुन्हा उचलला.

"पायरी कुठं गेली?"

"माय, तू पुढे बस. तुझ्यासाठीच सीट नवी केलीय."

"मागून चढते मी. पायरी कुठं गेली?"

"काढली. ती मूळ गाडीला नसते. तू पुढे ये ना."

"तिथं कायले बसू? मले कोणता पेपर द्याचा हाये?"

मी हसलो, ती हसली नाही. पुढची बाजूही तशी उंचच होती. बायकोने वॉचमनकडून प्लॅस्टिकचं स्टूल आणलं, ते फरशीवर डगडगायला लागलं. माय एक पाय त्यावर ठेवून थांबली, गुडघा पुढे वाकेना. तिने पाय खाली घेतला. विहारातला कार्यक्रम सुरू व्हायची वेळ झाली होती. मी म्हणालो, "थांब, मी उचलतो तुला. एका मिनिटाचं काम आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "मी पोतं हाये का?"

सेक्रेटरी काकांनी पेपरात डोकं घातलं. माय बायकोला म्हणाली, "चाल वर. तुम्ही दोघं जाऊन या." बायको म्हणाली, "आपण रिक्षाने जाऊ ना." "नाई. आता नाई." लिफ्टचं दार बंद झालं. मी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसलो. कुठे जायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर कात्रजला गेलो. तिथल्या इंजिनिअर काकांना सगळं सांगितलं आणि पायरी परत मागितली.

"ती भंगारात गेली. आपल्यासमोर कापली होती."

"मग दुसरी लावून द्या."

"मी लावणार नाही. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." ते एक नट पुसत राहिले. मग म्हणाले, "आपल्या आईंना पाय किती उचलता येतो?"

"माहीत नाही."

"मग आधी ते बघून घ्या. माप नाही आणि पायरी मागताय." मी निघालो तेव्हा मागून आवाज आला, "आणि बोल्टने बसवून घ्या. वेल्डिंग करून माझी चेसिस जाळू नका."

माप घ्यायला मी माळ्यावरून माझी स्पर्धा परीक्षांची जाड पुस्तकं काढली आणि हॉलमध्ये एकावर एक रचली. बायको म्हणाली, "इतकी वर्षं धूळ खात होती, आज कामाला आली." मी मायला म्हणालो, "यावर पाय ठेव. जमतंय का बघू."

माय दोन पावलं मागे सरकली. "पुस्तकावर? पाय?" मग बायकोकडे वळून म्हणाली, "याले कोणी शिकवलं वं?" तिने ती सगळी पुस्तकं मला उचलायला लावली, पदराने वरची धूळ पुसली आणि परत माळ्यावर ठेवेपर्यंत खुर्चीत बसली नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण ती ओरडली याचंच बरं वाटलं.

शेवटी खाली जाऊन सेक्रेटरी काकांकडे फरसबंदीचे उरलेले ब्लॉक मागितले.

"आता काय, रस्ताही आपणच बांधणार?"

"आईचं माप घ्यायचंय."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. स्वतः गच्चीच्या जिन्याखालून ब्लॉक काढून दिले आणि एक वर घेऊनही आले. मायने एका ब्लॉकवर पाय ठेवला, मग दोनांवर. तिसऱ्याला थांबली. "बस. याच्या वर नाई जात." बाबांची पायरी याहून बरीच उंच होती. म्हणजे ती असती तरी यंदा मायला चढता आलं नसतं. हे मला तेव्हा, ब्लॉकला टेप लावताना कळलं.

वारज्यात खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्याकडून मी दोन पायऱ्या करून घेतल्या, एकीच्या वर एक, आणि दोन्ही बाजूंना दांड्या. बोल्टने बसवल्या. हिरव्या जीपच्या मागे त्या फारच विचित्र दिसतात. कात्रजच्या काकांना मी फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "बोल्ट ठीक."

पुढच्या पौर्णिमेला माय खाली आली. दांडी धरली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, थांबली, श्वास घेतला, दुसरीवर ठेवला आणि आत जाऊन बाकाच्या टोकाला, फाळक्याजवळ बसली. पांढऱ्या साडीचा पदर मांडीखाली खोचून घेतला. बायको तिच्याशेजारी बसली. मी फुलांची आणि मेणबत्त्यांची पिशवी पुढच्या सीटवर ठेवली.

"थैली तिथं नको ठेवू," माय मागून म्हणाली. "सायबाची जागा हाये."

पिशवी खाली पायाशी ठेवली. पुढची सीट रिकामी ठेवून मी गाडी काढली. स्टिअरिंग जड आहे, वळवताना खांदा भरून येतो. गिअर घालताना कर्र वाजतो आणि इंजिनाचा आवाज एवढा की शेजारी कुणी बसलं असतं तरी बोलता आलं नसतं. पुलाजवळ गेल्यावर बायको पुढे वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "त्या काहीतरी म्हणतायत."

"काय म्हणतायत? थांबवू का?"

"तसं नाही. गाणं म्हणतायत."

नागपूरला जाताना हौद्यातल्या बायका म्हणत तेच असणार. मी कान देऊन ऐकायला गेलो, पण मला इंजिनाशिवाय काही ऐकू आलं नाही. तेवढ्यात सिग्नल लागला आणि थांबावं लागलं. शेजारी मोटारसायकलवरचा एक जण हेल्मेटची काच वर करून जीपकडे निरखून बघत होता. पुढून मागपर्यंत नजर फिरली आणि पायऱ्यांवर अडकली.

"काका, ओरिजिनल आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "वडिलांची आहे."

मागे शांत होतं. गाडी थांबल्याबरोबर माय गप्प झाली होती. सिग्नल सुटला, मी पहिला गिअर घातला, आणि आवाज सुरू झाला तसा आरशात पाहिलं. तिचे ओठ पुन्हा हलायला लागले होते.